उवांची बंडी

ऑस्लो, ३ ऑक्टोबर १९३७

ती. आईस,
आसलाउगचा शि. सा. न. वि. वि.
बाबांची बंडी पोचली. विजारीत खोचायचा खालचा पांढरा भाग अपुरा राहिलाय असं समजून इथल्यांनी तो दुमडला होता. मी उलगडला. पण आमच्या संग्रहालयाच्या साहेबांनी पाटीवर 'हिमकणांचा स्वेटर' लिहिलंय. लूसेकोफ्ते, म्हणजे उवांची बंडी, असं लिहिलं तर शहरातल्या बायका नाक मुरडतील म्हणे. मी सांगितलं, खोटं नाव मी लावणार नाही. प्रदर्शन एक नोव्हेंबरला उघडतंय.
लोभ आहेच, तो राखावा.
आसलाउग

वाले, ९ ऑक्टोबर

चि. आसलाउगस अनेक आशीर्वाद.
लाल गाय व्यायली, कालवड झाली.
आपल्या घरात पदवी घेतलेली तू पहिली. एका नावापायी साहेबांशी कशाला भांडतेस? लिहू देत बर्फ! सोळाव्या वर्षी मी क्रिस्तियानसांदला कामाला होते. मालकिणीनं अंगातल्या बंडीचं नाव विचारलं, मी भाबडेपणानं सांगितलं. तिनं मला अंगणात बसवून डोक्याला रॉकेल चोळलं. सगळी आळी हसली. तेव्हापासून खोऱ्याबाहेर मी ते नाव घेत नाही. आणि तू ते भिंतीवर लावणार? बाबा म्हणतात, पोरीला पुस्तकं चढलीत.
जपून राहा.
आई

ऑस्लो, १५ ऑक्टोबर

ती. आईस सा. न.
रॉकेलचं तू कधीच बोलली नाहीस. पण लाज त्या मालकिणीची, तुझी नव्हे.
मी जुने कागद चाळले. नाव कुणी ठेवलं ते सापडलं नाही. ज्यांच्या हातात सुया होत्या त्यांनीच ठेवलं असणार. काळ्या लोकरीत एकेक सुटा पांढरा टाका दिसला आणि त्यांना ऊ आठवली. हिमकण आठवायला त्या काही खिडकीत बसल्या नव्हत्या!
साहेब म्हणतात, विणणारीनं लिहून दिलं तरच नाव बदलू. तू नको म्हणालीस तर मी गप्प बसेन, बंडी तुझ्या हातची आहे. नोकरीच्या भीतीनं मात्र बसणार नाही.
तुझीच,
आसलाउग

वाले, २२ ऑक्टोबर

चि. आसलाउगस आशीर्वाद.
तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. खिडकीतल्या बायकांवर ते खोकला येईतो हसले. मी हसले नाही. उठून पुठ्ठा शोधला.
सोबत पाटी धाडतेय: 'लूसेकोफ्ते. विणणारी बिर्गित, वाले.' अक्षर वाकडं आहे, पण साहेबांना नवी लिहू देऊ नकोस. हीच लागली तर बंडी वसंतापर्यंत तिथं राहू दे. नाही लागली तर त्याच दिवशी पोस्टात टाक. डोंगरावर बर्फ उतरलाय, आणि तुझे बाबा माझी शाल गुंडाळून लाकडं फोडतायत.
माया आहेच, ती मागावी लागत नाही.
आई