आईच्या लुगड्याचा कुसुंबी

१ फेब्रु. ७६, रवि. जालना
परतूरहून पातळ परत आलं. अक्काच्या (हिच्या थोरल्या बहिणीच्या) बेबीचं लग्न ठरलंय. आजीचं लुगडं होतं तसलंच कुसुंबी पातळ नातीनं नेसावं ही अक्काची हौस. काम आलं हिच्याकडे. हिनं चार दुकानं पालथी घालून फिकट गुलाबी धाडलं. आज ते चिठ्ठीसकट माघारी. 'आईचं लुगडं लालभडक होतं. तू आईला विसरलीस.' ही जेवली नाही. लग्नाला जाणार नाही म्हणते.

३ फेब्रु.
शाळेत विचारून पाहिलं, कुसुंबी म्हणजे कोणता? ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले केशरी. शिपाई लाल. हेडमास्तर गुलाबी. शेवटी कोश काढला. कुसुंबा म्हणजे करडईचं फूल, त्याचा तो रंग. करडई! जन्मभर तेल खाल्लं, पायात काटे मोडले, अन् हे ठाऊक नाही. शिकवतो मात्र झोकात.

८ फेब्रु., रवि.
रहीमचाचा रंगारी सापडले. सत्तरीपुढचे. हल्ली पुडीचेच रंग वापरतात, पण फुलं आणा, करून देतो म्हणाले. बहिणींचा वाद सांगितला तर हसले. "मास्तर, कच्चा रंग हाय ह्यो. धूप-पाणी लागलं का उतरतच राह्यतो. तुमच्या बाई कंचा कुसुंबी म्हून राह्यल्या? नवा का जुना?"
अक्का हिच्याहून बारा वर्षांनी मोठी. वाटभर तेच डोक्यात.

२२ फेब्रु., रवि.
पाकळ्या वेचून बोटांची चाळण झालेली. चाचांनी त्या भिजवल्या, पिवळंधमक पाणी निघालं. मी खूश. त्यांनी ते सरळ मोरीत ओतलं, माझा जीव वरखाली. मग पापडखार, मग लिंबू, अन् पांढरं पातळ लाल होऊन वर आलं. उरल्या रंगात एक चिंधीही बुडवून घेतली.
हिनं पाहिलं. "आईचं असं नव्हतंच." चाचांचं बोलणं सांगितलं तेव्हा मात्र चिंधी मागून घेतली.

२९ फेब्रु., रवि.
आठवडाभर चिंधी रोज धुतली, रोज उन्हात टाकली. आज माझ्यासमोर आणून धरली. फिकट गुलाबी. थेट हिनं धाडलेल्या पातळाचा रंग.
"अक्कीला नवी आई मिळाली हो. माझ्या वाट्याला जुनीच आली."
मग रडली. मलाही आवरेना. फार गुणाची आहे ही, हट्टी असली तरी.

२ मार्च, मंगळ.
लाल पातळ बांधून ठेवलंय, घडीत चिंधी. पोस्टानं पाठवू का, विचारलं. नको म्हणाली. मग कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता, "परतूरची गाडी आजकाल किती वाजता हाय?"
वेळ सांगितली.