दार पुसलं, ते सगळीकडून गेलं

आदरणीय दाजी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता ऐकू लागलाय असं कळलं, बरं वाटलं. (ताई ऐकते का, हे विचारण्याइतका मी धीट नाही.)

इकडे ऑफिसात वेगळंच सुरू आहे. आयुष्यभर मी कॉम्प्युटरवर रेघा ओढल्या. दोन रेघा म्हणजे भिंत, पाव वर्तुळ म्हणजे दार. समजणाऱ्याने समजून घ्यायचं. आता आमच्या आर्किटेक्ट मॅडमनी बिम नावाचं सॉफ्टवेअर आणलंय. (नाव तेवढं तुळईचं, बाकी तिच्याशी नातं नाही.) यात रेघ ओढत नाहीत, भिंतच उभी करतात, आणि तिला स्वतःची जाडी, उंची, विटा सगळं ठाऊक असतं. पहिल्याच आठवड्यात एका दवाखान्याच्या नकाशात एक दार मध्ये मध्ये येत होतं, म्हणून मी पुसलं. पूर्वी एका कागदावरून पुसलेलं दार बाकीच्या कागदांवर सुखाने नांदायचं. हे मात्र दर्शनी बाजूतून गेलं, इमारत उभी कापून दाखवणाऱ्या छेदातून गेलं, सुताराच्या यादीतूनही गेलं. डॉक्टरीणबाई पडद्यावरचं मॉडेल बघायला आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पेशंट आत कुठून येणार?" धरणीने पोटात घ्यावं असं झालं. (तीही मॉडेलमध्ये होतीच.)

मी जुन्या रेघांकडे परत निघालोच होतो, पण परवा त्याच दवाखान्याचा सांडपाण्याचा पाइप तुळईतून आरपार गेलेला सॉफ्टवेअरने पडद्यावर लाल करून दाखवला. एरवी हे स्लॅब ओतल्यावर कळतं, मग फोडाफोडी आणि भांडण. आमचा इंजिनिअर आणि प्लंबर यांचा अशाच एका पाइपावरून अबोला होता. दोघे शेजारी बसले, पाइप वळवला, आणि "बरं झालं, आत्ताच दिसलं," असं इंजिनिअर चक्क प्लंबरला म्हणाला. दाजी, या वयात मला पुन्हा शिकावंसं वाटतंय.

तुमचाच,
रेघोट्या (हे नाव तुम्हीच ठेवलंत)

ता. क. सरावासाठी तुमच्या नव्या माडीचा, मीच काढलेला नकाशा मॉडेलमध्ये उभा केला. जिना एका कागदावर होता, तुळई दुसऱ्यावर. दोघांची गाठ बरोबर तुमच्या कपाळापाशी पडते. गवंड्याला लगेच थांबवा. ताईला सांगू नका.

ता. क. २. ताईला फोनवर मीच बोलून बसलो. ती म्हणते, तिचं डोकं तुळईला लागत नाही, तेव्हा जिना आहे तसाच राहू दे. निदान वर जाताना तरी तुम्ही मान खाली घालाल. नवा जिना मी काढतो, समजूत तुम्ही काढा.