लुमायान म्हणजे काय

विहीणबाई तिउर्मा यांस,

तुम्ही मेदानला भावाकडे गेलात म्हणून लिहितेय. सोलोचा अख्खा बाजार माझ्या जिभेला भितो, पण मुलाच्या सासूपुढे तिची गोगलगाय होते.

आपल्या भागीतल्या जामूच्या काढ्यांच्या गाडीवर तुम्ही आल्याच्या काढ्यात तुमच्याकडची तिरफळं घातलीत आणि चव विचारलीत. मी म्हटलं, "लुमायान." म्हणजे बरंय. पण आम्हा जावानीज बायकांत त्याचा अर्थ, बाई, हे ओतून टाक! तुम्ही बटाक माणसं शब्द जसाच्या तसा घेता. दुसऱ्या दिवशी तिरफळं दुप्पट! मग गिऱ्हाइकंही "लुमायान, लुमायान" म्हणत पलीकडच्या गाडीवर गेली. असंच चाललं तर आपली गाडी बसलीच म्हणून समजा.

एवढं लिहिलं आणि तुमचाच फोन आला. "काय विहीणबाई, काढा खपतोय ना?"

मी डोळे मिटून सांगून टाकलं, "जीभ बधिर होते हो. दात उपटायच्या आधी द्यावा असा झालाय."

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की माझ्या कोंबड्या पळाल्या. "अहो, मग आधी का नाही बोललात?"

"बोलले की! लुमायान!"

"बरं, तुमचा हळदीचा काढा भांडी विसळल्याच्या पाण्यासारखा लागतो. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी बोलले नाही."

आता पत्र कशाला धाडू? फोन आपटला आणि रागारागानं माझा काढा चाखला.

लुमायान होता.

तुमची भागीदारीण,
वागियेम