शीतगृहाचा वर्ग आणि तबस्सुम

सोमवार संध्याकाळ, रहिमतपूर

कॉलेजातल्या तबस्सुमला अजून किती थांब म्हणायचं?

शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायला शिकवणारा अभ्यासक्रम आमच्या कॉलेजात सुरू व्हावा, म्हणून वर्षभर मी प्रस्ताव घेऊन फिरते आहे. विद्यापीठ म्हणतं, आधी शीतगृहाशी करार करा. सांगलीचे शीतगृहवाले वसंतकाका म्हणतात, आधी मंजुरी दाखवा. आज विद्यापीठातल्या साहेबांना विचारलं, दोन्ही एकदम नाही का होणार? ते हसले. "आधी लगीन, मग वरात. पद्धत आहे मॅडम."

तबस्सुमनं तर कामाची निळी डांगरीही शिवून घेतली आहे. दुपारी तिच्या अम्मीनं मला गाठलं. "आवं मॅडम, पावणे बघायला यायचं म्हणत्यात. यंदा वर्ग न्हाई झाला तर मी काय सांगून थांबवू त्यास्नी?"

माझ्या वेळी आईनं पाहुणे थोपवले, म्हणून घरात पहिली पदवी आली. आणि मी हिला नुसती आशा देते आहे. ती डांगरी डोळ्यांसमोरून हलत नाही.

प्रस्तावाला जोडलेल्या इच्छुक विद्यार्थ्यांच्या यादीत ती एकटीच मुलगी. ती गेली तर तो आणखी लंगडा पडणार. म्हणूनच का मी तिला थांबवत होते?

वसंतकाकांना फोन केला. म्हटलं, करार राहू दे, पोरीला यंत्रांचं काम शिकायला हाताखाली घ्या. "धाडा की उद्या. बेदाणा भरायचा हाय, मानसं कमी पडत्यात." मुक्कामाला मिरजेत तिची खाला, म्हणजे मावशी आहे. तबस्सुमच्या घरी जाऊन सांगून आले, आणि प्रस्तावातलं तिचं नाव मीच काढून टाकलं.