ठकूला मत्स्यालय बघायचंय

प्रिय धाकट्या,

फोनवर तू 'हं', 'बरं', 'बघू' यांच्या पुढं जात नाहीस, म्हणून लिहायला बसले. दुकानात आज वर्दळ नाही. शाळांचे गणवेश शिवून देऊन झाले, आता कुणाची विजार आखूड कर, कुणाच्या पिशवीची चेन बदल, एवढंच. इकडं सगळे बरे आहेत. आपल्या अण्णांचा गुडघा जिना चढताना बोलतो, पण ते ऐकत नाहीत. तुझे भाऊजी दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आपल्या बिनलिफ्टच्या घरी जिन्यानं धापा टाकत येतात. 'नशिबात वर जाणं असलं तरी पायीच,' म्हणतात. तुझ्या ठकूचा पुढचा दात पडला. त्या फटीतून शीळ वाजवायचा खटाटोप चालू असतो, वाजत मात्र काही नाही.

बातमी अशी, की रविवारी आम्ही सगळे मत्स्यालय बघायला जायचं म्हणतोय. आम्ही म्हणजे ठकू म्हणतेय.  तलावावरच्या त्या दुपारनंतर ही पोर रस्त्यावरचं डबकं दिसलं तरी माझा हात घट्ट धरून लांबून वळसा घालायची. शॉवर सुरू केला की किंचाळायची, म्हणून इतके महिने मी तिला ओल्या फडक्यानं पुसून काढत आले. आणि एक दिवस शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, 'आत्या, मला मासे बघायला ने.' मला वाटलं, चुकून ऐकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर अण्णांच्या मांडीवर बसून त्यांच्याकडून वचनच घेतलं.

अण्णा हरखले. म्हणाले, भीती अशीच मोडायची असते. नोकरीच्या सुरुवातीला त्यांची बस पुलाच्या कठड्याला धडकली, तेव्हा दुसऱ्याच सकाळी साहेबांनी त्यांना त्याच मार्गावर पाठवलं होतं, हे त्यांनी मला शंभराव्यांदा सांगितलं. भाऊजींच्या कंपनीकडंच त्या मत्स्यालयाच्या लिफ्टचं काम आहे, त्यामुळे कुठल्या दारानं आत शिरायचं, कुठं गर्दी कमी असते, खालच्या मजल्यावर अंधार किती, सगळी माहिती घरात आली. बसायचं कुठं, डबा कुठं खायचा, ठकू घाबरली तर पटकन बाहेर कुठून पडायचं, यावर आम्ही तीन मोठी माणसं जेवताना खल करत बसलो. भाऊजी म्हणाले, 'शार्क तुझ्या आत्यालाच घाबरेल.' ठकू हसली. धाकट्या, ती हसली, आणि मी वेडी त्या हसण्यावर भुलले.

कारण त्याच आठवड्यात मी तिला न्हाणीघरात पाहिलं. दार लोटलेलं होतं. बादली काठोकाठ भरलेली, तिच्यापुढं ती गुडघे टेकून बसलेली, आणि मान वाकवून तोंड पाण्यात. केस पाण्यावर पसरलेले. हालचाल नाही, आवाज नाही.  मी तिला मागं खेचलं ते इतक्या जोरात की दोघीही फरशीवर पडलो. रडली नाही. खोकली, डोळे चोळले आणि मलाच रागावली. म्हणाली, 'आत्या, मी सवय करत होते ना! डोळे उघडे ठेवले की झोंबतं. झोंबायचं थांबेपर्यंत रोज करायचं ठरवलंय.' कशाला, असं विचारलं, तर म्हणाली, 'मासे नीट दिसायला नकोत का?' काचेतून बघायचं असतं, डोळे भिजत नाहीत, असं मी समजावलं. तिनं मान डोलावली. पण ती मान मला समजावल्यासारखी होती, तिला कळल्यासारखी नव्हती. तेव्हापासून घरातल्या सगळ्या बादल्या पालथ्या असतात. तरी कुठं नळ वाजला की मी शिवण टाकून धावते. कात्री हातात असते याचंही भान राहत नाही.

माझं मन काही लागेना. भाऊजींना म्हटलं, आधी आपण दोघं बघून येऊ. परवा ते कामाला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर गेले. मी स्वतः पाण्याच्या वाटेला जात नाही, तुला ठाऊक आहे. खाली उतरताना भिंती निळ्या होत जातात, आवाज दबत जातात, माणसांचे चेहरे बुडाल्यासारखे दिसतात. मी कठडा धरून चालले. लहान टाक्या बघितल्या, जेलीफिश बघितले. हे ठकूला चालेल, हे चालेल, असं मनात म्हणत गेले. शेवटी मोठा हौद आला, तळापासून छतापर्यंत सगळी काच. समोर एका शाळेतली मुलं मांडी घालून बसली होती. एकाएकी मुलं ओरडायला लागली. मी वर बघितलं, तर पाण्यातून एक बाई उतरत होती.

माशांना खाऊ घालणारी, बुड्या मारणारी कर्मचारी होती ती, पाठीवर हवेची नळकांडी, कमरेला टोपली. हे सगळं नंतर दिसलं. आधी दिसले ते केस, मोकळे, पाण्यात सावकाश वर उठणारे. ती काचेपाशी आली, मुलांकडं बघून तिनं हात हलवला आणि तळवा काचेला टेकवला. मुलांनी बाहेरून आपापले तळवे लावायला धक्काबुक्की केली.  भाऊजींनी मला धरून बाकावर बसवलं, पाणी आणू का म्हणाले, आणि आपण काय विचारलं हे लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली. आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं, ठकूला मासे बघायचेच नव्हते. ठकूच्या वर्गातली एक मुलगी मध्यंतरी इथं येऊन गेली होती. पाण्यात राहणारी बाई मुलांना हात करते, हे तिनंच येऊन वर्गात सांगितलं असणार.

ती बाई काम आटोपून, अंगाला टॉवेल गुंडाळून मागच्या दारानं बाहेर आली, तेव्हा मी न राहवून तिच्यापाशी गेले. रविवारी पाण्यात तूच असशील का, विचारलं. म्हणाली, 'मीच. पण कुणी लहान मूल घाबरणार असेल तर सांगा, मी आधी बाहेर भेटेन त्याला.' मी म्हटलं, घाबरायची नाही, ओळखेल. 

घरी आल्यावर वाद झाला. भाऊजी म्हणाले, बेत रद्द, मत्स्यालय बंद आहे म्हणून सांगू. अण्णा कधी नव्हे ते चिडले, 'पोरीशी खोटं किती दिवस बोलणार?' शेवटी मीच ठकूला घेऊन गॅलरीत बसले. म्हटलं, तिथं एक बाई असते, ती पोटासाठी पाण्यात उतरते, काम झालं की घरी जाते. ठकू म्हणाली, 'ती आई आहे.' मी म्हटलं, नाही गं राणी. मग मी सांगायला लागले, खरंच लागले, धाकट्या, बुडालेलं माणूस परत येत नाही इथपर्यंत आले. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, 'तुला नाही माहीत. तू तलावावर नव्हतीस. बाबा होते. बाबा म्हणाले, आई पाण्यात राहिली. बाबा खोटं बोलत नाहीत.'

राहिली! काठावर ब्लँकेटमध्ये गुंडाळून तू ठकूला छातीशी धरून बसला होतास, ती 'आई कुठंय' म्हणून विचारत होती, आणि तुझ्या तोंडून तेवढेच शब्द निघाले. उलटलेल्या होडीतून दोघींपैकी एकीलाच धरता आलं अशा माणसाच्या तोंडून आणखी काय निघणार? कुणी तुला बोल लावत नाही, मीही नाही. पण तुझ्यासाठी राहिली म्हणजे मागं राहिली, हातून सुटली. आणि ठकूच्या हिशेबी ती तिथं राहते. जशी आपण या घरात राहतो, तशी. वर्षभर आपण सगळे 'सापडली नाही' म्हणत आलो. दुसरा शब्द या घरात कुणी तोंडातून काढला नाही, आणि तू तर तो ऐकायला लागू नये म्हणून मैलोन्‌मैल ओलाव्याचा थेंब नाही अशा दगडाच्या खाणीत जाऊन बसलास. मी लिहिते. ती गेली. तुझी बायको, ठकूची आई, माझी लाडकी भावजय गेली, धाकट्या. 

हे पत्र लिहिण्याचं कारण आता सांगते. काल ठकू दुकानात आली, आईचा पिवळा ड्रेस घेऊन. कपाटातून स्वतःच काढला होता. म्हणाली, 'आत्या, हा दोन्ही बाजूंनी आत घे. आई बारीक झाली असेल, तिथं तिला कोण जेवायला देतं?' रविवारी न्यायची पिशवी तिनं भरून ठेवली आहे. टॉवेल, कंगवा, चपला आणि हा ड्रेस. ओल्या अंगानं बसमध्ये आईला थंडी वाजेल म्हणून माझी शालही मागून घेतली. काचेपलीकडची ती बाई हात हलवेल, टोपली रिकामी करेल आणि वर निघून जाईल. ठकू ती पिशवी घेऊन खाली उभी असेल. तेव्हा मी तिला काय सांगू? बेत मोडला तर ती उद्या दुसरं पाणी शोधेल, आणि ते काचेच्या आत असेलच असं नाही. याचीच मला भीती वाटते. ड्यूटी, रजा, मुकादम, काहीही सांगू नकोस. रविवारच्या आत ये. मी तुझ्या शेजारी बसेन, तुझा हात धरून ठेवेन, तुला रडू आलं तर तिच्यासमोर रडू देईन. पण तिला खरं तू सांगायचंस. तिचा विश्वास तुझ्याच शब्दावर आहे.

दारातल्या प्रत्येक पावलाकडं कान लावून बसलेली,
तुझीच,
ताई