बांगड्याचा वास

आई, गेल्या महिन्यात मी कामासाठी जपानला, ओसाकाला गेले होते. शेवटची सकाळ मोकळी मिळाली म्हणून हॉटेलजवळच्या मासळीबाजारात गेले. लांबलचक गल्लीवर छप्पर घातलेलं, दोन्ही बाजूंना दुकानं. बर्फावर शिंपले, पाय दोरीनं बांधलेले जिवंत खेकडे. मधेच निखाऱ्यांवर मासे भाजत होते आणि धूर छपराखालीच कोंडला होता. ऑफिसला निघालेली माणसं त्यातून खुशाल चालली होती. नाकाला रुमाल कुणीच लावत नव्हतं. मीच तेवढी सारखी मागे वळून बघत होते. वास बाहेर जातोय, आता कुणीतरी येऊन बोलेल, ही भीती मला अजून वाटते.

इंग्लंडमध्ये लेस्टरला बाबांच्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा मी प्रायमरी स्कूलमध्ये होते. तू मार्केटमधून मॅकरेल आणायचीस आणि त्याला बांगडाच म्हणायचीस. त्या दिवशी दुपारी वेंगुर्ल्याहून आजीनं पाठवलेली तिरफळं घालून तू बांगड्याचं तिखलं केलं आहेस. मी टेबलाशी बसले आहे, भात व्हायची वाट बघत. बाबा ड्यूटीवरून येतात ते कोटही न काढता सरळ किचनमध्ये. जिन्यात शेजारच्या बाईंनी त्यांना गाठलेलं असतं. त्या नेमकं काय बोलल्या ते बाबा सांगत नाहीत, इतकंच म्हणतात की आपल्याला इथे नोकरी टिकवायची आहे. मग गॅसवरचं पातेलं उचलून ते कॅरियर बॅगमध्ये ओततात आणि खाली जाऊन बिनमध्ये टाकून येतात. बाहीवर लाल ओघळ असतो.

"या घरात परत मासे शिजायचे नाहीत," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तू भांडली तरी असतीस. तू सगळ्या खिडक्या उघडल्यास, आणि थंडीत आपण कोट घालून दहीभात जेवलो.

पुढे आपण स्वतःचं घर घेतलं. डिटॅच्ड, चारी बाजूंनी मोकळं, मागे गार्डन, वास जाऊन जाऊन जाणार तरी कुणाकडे? तरीही तू मासा आणला नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, सवय मोडली. मला ते खरंच वाटलं.

शेवटच्या दिवसांत हॉस्पिसमध्ये तुझं खाणं जवळजवळ सुटलं होतं, तेव्हा मी मँचेस्टरहून तिखलं करून आणलं. बाबा चहा आणायला खाली गेले होते. मी डबा उघडला आणि तू डोळे मिटून खोल श्वास घेतलास. मी चमचा शोधत होते. पण तू शेजारच्या पलंगाकडे पाहिलंस. तिथली म्हातारी झोपली होती.

"झाकण लाव," तू म्हणालीस. "लोकांना वास येईल."

नर्सनं सांगून पाहिलं, मीही खूप विनवलं. तू मान फिरवलीस. त्याच आठवड्यात तू गेलीस.

ओसाकाला तुझ्याच वयाची एक बाई बांगड्यासारखा मासा भाजत होती. तिनं तो कात्रीनं कापून माझ्या हातात दिला. मी तिथेच उभ्यानं खाल्ला, काटे बोटांनी काढत. चव तुझ्या हातची नव्हती. रडू आलं नाही, राग आला. बाबांचा, त्या शेजारणीचा, आणि खरं सांगायचं तर तुझाही. एक घास घेतला असतास तर कुणाचं काय गेलं असतं?

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं, काय पाहिलंस? मी बाजाराचं सांगितलं. त्या टाकून दिलेल्या तिखल्याबद्दल आज बोलायचंच, असं ठरवून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते, खेकडे केवढे होते तेही विचारलं.

"तुझ्या आईला नसतं ते सोसलं," ते म्हणाले. "तिला मासे कधी आवडलेच नाहीत."

त्यांचा आवाज किती हळवा झाला होता, आई. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना बाकी सगळं आठवतं, तुझ्या लग्नातल्या शालूचा रंगसुद्धा. हे मात्र त्यांना खरोखर असंच आठवतं. ती दुपार आता माझ्याखेरीज कुणाकडेच नाही.

मी "हो" म्हणाले.