पेटीतली चिठ्ठी

६ जानेवारी
राजनंदिनीच्या वर्गात आज एकवीस मुलं. माझ्याकडे नऊ. क्लासचे रंगनाथ सर म्हणाले, "फेब्रुवारीपासून इंग्रजीला एकच मॅडम ठेवणार." देवळालीत दुसरी जागा कुठे शोधू? मी इथे दोन वर्षं, ती दिवाळीनंतर आलेली! बागायतदाराची मुलगी. स्कुटीवर येते, मुलांशी हसत इंग्रजी बोलते. चुकतेही. मुलांना चालतं.

७ जानेवारी
ती चुकली की मला बरं वाटतं. हे लिहितानाही लाज वाटते.

९ जानेवारी
सूचनापेटीत चिठ्ठी टाकली. 'राजनंदिनी मॅडमना व्याकरण येत नाही. मुलांचं वर्ष वाया जाईल.' नाव घातलं नाही. दुसरं वाक्य खोटं आहे. तिची मुलं बोलायला लागलीत — माझी नाहीत.

१२ जानेवारी
फळ्यावर रोज एक इंग्रजी शब्द अर्थासकट लिहिते. खाली माझं नाव — माधुरी साळवे, बी. ए. घरातली पहिली! सर फळा वाचत नाहीत. राजनंदिनी मात्र वहीत उतरवून घेते. कशाला, कोण जाणे.

आजचा शब्द ब्रिकबॅट. बोचरी, अन्यायाची टीका. मूळ अर्थ विटेचा तुकडा. हाताला लागेल तो लोक एकमेकांवर फेकायचे, पुढे शब्दांनाही तेच नाव पडलं. घरी तोऱ्यात सांगितलं. पप्पा गवंडी. हसायलाच लागले.
"आगं, माज्या तर रोज हातात असतंय त्ये. गच्ची गळू न्हाई म्हनून अंथरतो आमी. फेकून मारत्यात व्हय? कामाची वस्तू हाय ती."
जेवण गेलं नाही.

१५ जानेवारी
सरांनी राजनंदिनीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. जागा माझी. आनंद होईल असं वाटलं होतं.

१६ जानेवारी
ती घरी आली. आईने चहा दिला. सरांकडून मागून आणलेली चिठ्ठी तिने माझ्यापुढे धरली.
"ताई, हे बघ. फळ्यावर तू लिहितेस त्याच्याशी ताडून पाहिलं. कुणीतरी हुबेहूब तुझं अक्षर काढलंय, तुझ्यावर आळ यावा म्हणून. जपून राहा गं."
मी चिठ्ठी ठेवून घेतली. "बरं" म्हणाले.

१७ जानेवारी
चिठ्ठीखाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सरांच्या टेबलावर ठेवून आले. बी. ए. लिहिलं नाही.